पहिल्या रातीची हजेरी

खामगाव परिसरातून साऊंडच्या धंद्यात आलेली माझ्या वयाची बरीच पोरं एकाच माणसाच्या हाताखालून गेली आहेत. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून मीही इथं वस्तादच म्हणतो. आज पुण्यात माझं स्वतःचं छोटं युनिट आहे. गाण्यांचे कार्यक्रम करतो, नाटकं करतो. या कामातलं बरंचसं पुढं भेटलेल्या मोठमोठ्या इंजिनिअर लोकांकडून शिकलो आणि त्यांचाही मी आभारी आहे. वस्तादांचं ऋण मात्र शिकवल्याचं नाही. शिकत असताना त्यांनी मला एक रात्रही फुकट राबवलं नाही, त्याचं आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस भेटला की आधी विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. वस्तादांचा गाळा घाटाखाली, पण गाडी दोन्हीकडं फिरायची. भिंतीवर खुंट्यांना कर्णे टांगलेले, खाली अहुजाच्या मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, लाकडी पेट्यांतले स्पीकर, आणि दाराशी उजेडाला ठेवलेलं सोल्डरिंगचं टेबल. 2004 च्या आसपास मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा बारावी झाली होती. घरची शेती कोरडवाहू. कपाशीचे पैसे उधारी फेडण्यात संपले होते आणि पुढं शिकायचं म्हटलं तर वडील काही न बोलता उठून जात. मी नोकरी मागायला गेलोच नव्हतो. गावातल्या सप्ताहात वस्तादांच्या माणसांना माईक लावताना पाहिलं होतं, ते जवळून बघायला मिळावं एवढीच इच्छा होती.

साऊंडवाल्याचं वर्ष पंचांगावर चालतं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. मार्गशीर्षापासून गावोगाव हरिनाम सप्ताह. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव. तिथं सूर्य उगवायच्या आत सगळं चालू लागतं, त्यामुळं आदली रात्र थंडीत पेट्या रचण्यात जायची. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा. 14 एप्रिलला गावागावांत भीमजयंती आणि त्यानिमित्त कव्वालीचे सामने. मग उन्हाळी लग्नं, पोळा, गणपती, देवी. इतर गावांतली देवी उठली की खामगावात कोजागरीला मोठी देवी बसते. त्या दिवसांत वस्तादांच्या गाळ्याचं शटर खाली गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

पहिला सीझन माझा वायर गुंडाळण्यात गेला. हे वाचताना सोपं वाटेल. वायर कोपरावर गुंडाळायची सवय सगळ्यांनाच असते, दोरी तशीच गुंडाळतात. पण तशी गुंडाळली की दर वेढ्यागणिक आतल्या तांब्याच्या तारा पिळत जातात. दिसत काही नाही. वरचं रबर धडधाकट, आत एक तार तुटलेली, आणि ऐन आरतीच्या वेळी माईक खरखर करून बंद. वस्ताद एक वेढा सरळ टाकायचे आणि दुसरा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. एकाचा पीळ दुसरा काढून टाकतो. असं वेटोळं हातात धरून दुसरं टोक फेकलं तर वायर एकही गाठ न पडता मांडवाच्या त्या टोकापर्यंत सरळ उलगडत जाते. आजही कोणी नवा मुलगा कामाला आला की मी त्याला आधी काही विचारत नाही, फक्त एक वायर हातात देतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. खेड्यात कार्यक्रम म्हटला की वीज कुठून घ्यायची हा प्रश्न असायचा आणि खांबावर आकडा टाकून देणारे हौशी लोक तयारच असायचे. वस्तादांनी आकड्यावर मशीन कधी लावली नाही. पार्टी रुसली तरी चालेल, जनरेटर येईपर्यंत कीर्तन बिनमाईकचं होऊ दे, पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या हातात असला करंट द्यायचा नाही. मांडवात पोचल्यावर आधी लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, भोवती मिठाचं पाणी ओतायचं, सगळ्या मशीन एकाच बोर्डावरून घ्यायच्या. मशीन वेगवेगळ्या ठिकाणांहून लावल्या की स्पीकरमधून जी एकसुरी घरघर येते, ती आपल्या 50 सायकलच्या विजेचीच असते. हे गणित मला पुण्यात कळलं. वस्तादांना घरघर ऐकूनच कळायचं की चूक मशीनमध्ये आहे की जमिनीत.

कीर्तन ही मला आजही साऊंडमधली अवघड परीक्षा वाटते. मधोमध कीर्तनकार, आणि तो एका जागी उभा राहत नाही. मागं टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांचे टाळ माईकमध्ये शिरतात. एका बाजूला पेटी, एका बाजूला पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली, त्याचा घुमारा वेगळा. उजव्या तोंडाच्या शाईची चाट वेगळी. दोन्हींना वेगळे माईक हवेत आणि वस्तादांकडं माईक मोजकेच. मग एकच माईक कुठं, किती तिरका धरायचा की दोन्ही मिळतील, ते पखवाजवाल्याशी बोलून ठरायचं. वस्ताद आधी वादकाशी बोलत, माईकला हात नंतर लावत. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकदम वाजवत प्रबोधन करतात. तसा कार्यक्रम आसपास असला की वस्ताद काम नसतानाही मला घेऊन ऐकायला जायचे, आणि परत येताना विचारायचे, तिसरी खंजिरी ऐकू आली का?

रात्र चढली की ते आवाज कमी करायला लावत. दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळला की झपाट्यानं निवते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून हिवाळ्यातल्या रात्री शेजारच्या गावातला सप्ताह आपल्या अंगणात ऐकू येतो. वस्ताद एवढंच म्हणायचे, "रातीचा आवाज लंबा जाते. तिकडच्या गावातलं लेकरू झोपलं असीन."

आता हजेरीचं सांगतो. पहिल्या रात्री काम आटोपलं, गाडी भरली, आणि वस्तादांनी बनियनच्या खिशातून पन्नासची नोट काढून माझ्यापुढं धरली. मी हात मागं घेतला. मी शिकायला आलो होतो, मला कामच येत नव्हतं, पैसे कशाचे? तसं म्हणालोही. वस्ताद रागावले नाहीत, समजावून सांगितलं. "शिकवतो ते माह्या खुशीनं. पेटी उचलली ते तुह्या अंगानं. दोन्हीचा हिशोब येगळा हाये." मग पुठ्ठ्याची लाल वही उघडली, माझं नाव लिहिलं, पुढं तारीख, पुढं रक्कम, आणि सही करायला लावली. बारावी झालेला असलो तरी पैसे घेतल्याची सही मी तोवर कधी केली नव्हती.

जेवणाचाही त्यांचा नियम होता. जेवण पार्टीकडचं असायचं, बहुतेक वेळा पंगतीतलंच. काही साऊंडवाले पोरांना सांगत, जेवलास ना पोटभर, मग कमी घे. वस्ताद जेवण हजेरीत कधी धरत नसत. ते म्हणत, पंगतीत तर पूर्ण गाव जेवते, त्यानं काय पेट्या उचलल्या?

आमच्या भागात बिनपैशानं राबण्याला फार मोठी प्रतिष्ठा आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येऊन सेवा करतात, चपला सांभाळण्यापासून पंगती वाढण्यापर्यंत. ज्यांनी ते संस्थान इतक्या शिस्तीत उभं केलं ते शिवशंकरभाऊ पाटील 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा आमच्याकडं घरोघरी चुली थंड होत्या. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाला, शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात, विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला शेतात पंगती बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. एवढा अफाट पसारा, वाढणारे सगळे हौसेनं आलेले. मीही त्या पंगतीत वाढलं आहे आणि त्या थकव्याइतका गोड थकवा दुसरा नाही. त्यामुळं "फुकट काम वाईट" असं मला कोणी सांगू नये. मी जे म्हणतोय ते दुसरं आहे, आणि तेही वस्तादांकडूनच आलंय.

वस्ताद वर्षातले काही कार्यक्रम भाडं न घेता करायचे. त्या वेळी ते आम्हाला आदल्या दिवशी विचारत, "उद्याचं सेवेचं हाये. यायचं असीन तर या." ज्याला यायचं नसेल तो येत नसे आणि पुढच्या कामावर त्याचं नाव कापलं जात नसे. मी एकदा म्हणालो, वस्ताद, आम्ही तर तुमच्यासाठी रोजच सेवा करू. त्यांनी मान हलवली. "भाडं घेतलं का मजुरी आली. भाडं नाही घेतलं तं सेवा. मधात काही नसते."

त्या "मधात" असलेल्या जागेत मी 2008 साली जाऊन पडलो. पुण्यात एका इव्हेंट कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. पगार नाही, प्रवासखर्च नाही, शेवटी सर्टिफिकेट. मी आनंदानं गेलो, कारण डिजिटल मिक्सर आणि लाईन ॲरे मी तोवर फोटोतच पाहिले होते. खोटं कशाला सांगू, शिकायला भरपूर मिळालं. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर मागं दुसरा स्पीकर ठेवला तर त्याला सेकंदाचा दहावा भाग उशीर द्यावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, हे तिथं कळलं. मोठ्या मैदानांवरच्या सभेत लांबच्या कर्ण्यातून शब्द एकमेकांवर का चढतात, याचं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं आणि मी त्या रात्री वस्तादांना फोन करून सांगितलं.

पण शिकणं दिवसातलं तासभर. बाकी वेळ आम्ही हमाल होतो. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, त्यामुळं शो दहाला संपतो आणि आमचं खरं काम दहाला सुरू व्हायचं. ट्रस उतरवायचे, पेट्या ढकलायच्या, वायर गुंडाळायच्या, ट्रक भरायचा. पहाटे तीनला ट्रक हलला की बस नसायची. रोजंदारीवरचे चार हमाल कमी करून त्यांच्या जागी आम्हा इंटर्नना उभं केलेलं होतं, हे मला महिनाभरात उमगलं, कारण त्यातलाच एक हमाल मला ते सांगून गेला. त्याची मजुरी आमच्यामुळं गेली होती. कंपनी मात्र पार्टीला प्रत्येक माणसाचं बिल लावत होती.

पुण्यातली मुलं पहाटे घरी जाऊन जेवत आणि झोपत. मी कॉट बेसिसवर राहत होतो आणि मेसचे पैसे आगाऊ द्यावे लागत. लातूरकडचा एक मुलगा माझ्याआधी लागला होता. कान माझ्यापेक्षा चांगला, शिट्टी कुठल्या फ्रिक्वेन्सीला येतेय ते डोळे मिटून सांगायचा. तो दुसऱ्याच महिन्यात गावी गेला. कोणी काढलं नाही, कोणी अपमान केला नाही, फक्त पैसे संपले. कोणाला त्याची उणीव जाणवलीही नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा इंटर्न आला. फुकट उमेदवारी कोणाला गाळते, हे मी तिथं पाहिलं. काम न जमणारा टिकून राहतो, घर लांब असलेला गळतो.

माझेही पैसे संपले होते. घरी सांगण्यासारखं नव्हतं. वस्तादांशी बोलताना मी काही मागितलं नाही, फक्त मेसमध्ये एक वेळ बंद केलीय असं कशावरून तरी बोलण्यात आलं. आठवडाभरानं खामगावच्या ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला, पार्सल आहे, शिवाजीनगरला येऊन घेऊन जा. सकाळी जाऊन घेतलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट, आत नोटा, आणि वहीच्या पानावर वस्तादांचं अक्षर: मागच्या मोठ्या देवीतले तुझे राहिले होते, वही चाळताना सापडले.

माझं काही राहिलेलं नव्हतं. वस्ताद हजेरी त्याच रात्री देत आणि प्रत्येक रकमेपुढं माझी सही होती. पुढच्या महिन्यात पुन्हा पाकीट आलं, या वेळी सैलानीच्या यात्रेतले राहिलेले. त्यापुढं आलं तेव्हा कारण असं होतं की एक जुनी मशीन विकली, ती दुरुस्त करताना तुझा हात लागला होता, त्याचा हिस्सा. दर वेळी वेगळं कारण आणि दर वेळी हिशोबाची भाषा. मदत म्हणून पाठवले असते तर मी परत केले असते, आणि हे त्यांना माहीत होतं. ज्या महिन्यांत पुण्यात मी रात्र-रात्र राबत होतो आणि कोणी एक रुपया देत नव्हतं, त्या महिन्यांत मला माझ्या कामाची मजुरी खामगावहून येत होती. दिवाळीला गेलो तेव्हा म्हणालो, वस्ताद, जरा ती वही दाखवा. म्हणाले, "उंदरानं खाल्ली."

त्या पैशांवर मी सहा महिने काढले. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर पुढचं काम मिळालं, त्यावर त्यापुढचं. माझ्या या सगळ्या वाटचालीखाली एका खेडवळ साऊंडवाल्याची कमाई आहे, आणि त्या कंपनीनं माझ्या कामावर जे मिळवलं त्याचाही भार एका अर्थी त्यांनीच सोसला. हे मला सलतं. शहरातल्या धंद्यानं फुकट माणसं वापरायची आणि त्यांच्या पोटाचा खर्च कुठल्यातरी बापानं, मामानं, वस्तादानं गावाकडून भरायचा, असाच हा व्यवहार आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन द्यावंच लागतं, आणि नियमांतल्या 2019 च्या दुरुस्तीत ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान 5,000 ते 9,000 रुपये ठरलं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना ठरले. पण दोन-चार पोरांच्या साऊंडवाल्याच्या दारात यातलं काही पोचत नाही, आणि इव्हेंटच्या धंद्यात बहुतेक माणसं कागदोपत्री कोणाचीच नसतात. अमेरिकेत 'ब्लॅक स्वान' या चित्रपटावर बिनपगारी राबलेल्या दोघांनी 2011 साली कंपनीला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, 2015 मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला आणि कसोटी दिली की जास्त फायदा कोणाचा होतो ते पाहावं, शिकणाऱ्याचा की मालकाचा. मला ही कसोटीच मान्य नाही. शिकणाऱ्याचा फायदा मोठा असला म्हणून उचललेल्या पेटीचं वजन कमी होत नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. लग्नाला 50 माणसं, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 25 माणसं आणि दोन तास. यात्रा नाही, सप्ताह नाही, देवी नाही. वस्तादांनी गाडी विकली. मला कळल्यावर मी त्यांच्या खात्यात पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी फोन. "हे कशाचे?" मला काही सुचेना. त्यांच्यासारखं मला खोटा हिशोब रचता येत नाही. त्यांनी रक्कम परत केली आणि म्हणाले, "मले देऊ नको. सुरू झालं का माह्या पोट्ट्यायले काम दे."

तेव्हापासून मोठं काम असलं की मी वस्तादांकडची पोरं बोलावतो. बुलढाण्याची पोरं पुण्यात येऊन डिजिटल मिक्सर शिकतात, आणि शिकताना हजेरी घेतात. माझ्याकडं फुकट यायला तयार असलेली, चांगल्या घरची, इंग्रजी बोलणारी मुलं दर आठवड्याला फोन करतात. त्यांनाही मी घेतो, पण त्यांनाही हजेरी देतो. घ्यायची नसेल तर काम देत नाही. माझ्या धंद्यातले काही मित्र याला भाबडेपणा म्हणतात. त्यांच्या आणि माझ्या कोटेशनमध्ये फरक पडतो आणि कधी कधी काम जातं. गेलेल्या कामाचं वाईट वाटतं, पण वहीत सही न घेता कोणाकडून पेटी उचलून घेणं माझ्यानं होत नाही.

परवाच गणपतीच्या आधीच्या एका कार्यक्रमासाठी माणसं हवी होती, म्हणून फोन केला. वस्ताद आता थकलेत, गाळ्यात बसून असतात, पण पोरं कुठं पाठवायची ते स्वतः ठरवतात.

"हजेरी किती देतं?"

मी सांगितली.

"जेवण धरून का सोडून?"

"सोडून."

"अन् येण्याजाण्याचं?"

"माझ्याकडं."

"मंग दोघं पाठवतो. एक नांदुऱ्याचा हाये, एक मेहकरकडचा. मेहकरवाला बोलत नाही जास्त, पण वायर चांगली गुंडाळते."